मधला लेप

माझी भाची, आत द्रव नसलेल्या बॅटरीवर संशोधन करते. प्रयोगशाळेत काचेच्या बंद पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून ती बॅटरीतली एक चकती फिरवत होती.

"हिच्यावर लेप आहे, मामा. तो मधे नसला तर बॅटरीतले दोन पदार्थ एकमेकांना खातात. आणि जाड झाला तर वीज पलीकडे जात नाही."

मला लेप काही दिसला नाही.

आमच्या घरी वडील आणि मी आईमार्फतच बोलायचो. मी समोर असलो तरी वडील तिला सांगायचे, "त्याला म्हणावं, जेवून घे." तिच्याकडून जेवणाचा निरोप तेवढा यायचा, राग तिच्यापाशीच राहायचा.

आई गेल्यावर आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसलो. आमटीत मीठ नव्हतं. ते कुणाला सांगायचं, हे दोघांनाही कळेना.