उजव्या सीटखालच्या फासळ्या

दर रविवारी सकाळच्या एसटीने माझ्या नवऱ्याचा मित्र उदगीरहून आमच्याकडे नांदेडला यायचा, आणि माझं डोकं तिथूनच तापायला लागायचं. दोघं शाळेपासूनचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान बांधत होते. खरंखुरं, दोन सीटचं. सुटे भाग पेट्यांतून आलेले, जोडायचं आपण. घरात खाली मान घालून जेवणारे आमचे हे त्या शेडमध्ये दिवसभर बोलायचे, खिदळायचे. मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प.

पेट्या आल्या तेव्हाच मी मनाशी धरून बसले होते की शेजारच्या सीटवर मीच. नवरात्राच्या तोंडावर जेवताना हे सहज म्हणाले, "आधी मी एकटा उडवणार. मग त्याला घेऊन." मला विचारायचीही ह्यांना गरज वाटली नाही. मी वाटीतलं वरण ढवळत राहिले.

तेव्हा फासळ्यांचं काम चाललं होतं. फासळ्या म्हणजे विमानाच्या पोटातल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. पत्र्याला भोक पाडलं की कडेला बारीक काटे राहतात, त्याला बर म्हणतात. ती काढावीच लागते, नाहीतर पुढे तिथूनच तडा जातो. मग घासायचं, धुवायचं, थिनरने पुसायचं, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. हाताचं तेल लागलं की प्रायमर धरत नाही. हे सगळं मित्र करायचा. "काय हात आहे त्याचा!" असं हे येता-जाता म्हणायचे. माझ्या हातच्या पुरणपोळ्या एवढी वर्षं खाल्ल्या, त्यांच्या वाट्याला हे कौतुक कधी आलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मित्र मुक्कामालाच आला. पुसून तयार केलेल्या फासळ्या त्याने टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीने मांडल्या. सकाळी ह्यांनी त्याच टेबलावर ड्रिल, कानशी, नट आवळायचे पाने ठेवले. "हळदीकुंकू लावून घे," म्हणाले, आणि दोघं झेंडूची फुलं आणायला गेले. मी समईत तेल घातलं आणि त्याच हाताने टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला हळदीकुंकू लावलं. खंडेनवमीला समोर मांडलेलं असेल त्याला लावायचं, त्यात निवडानिवड कसली?

"वहिनी, काय केलं ओ हे!" मित्र दारातूनच ओरडला. "समदं पुसून ठेवलं हुतं की!"

ह्यांनी डोक्याला हात लावला. वर आणखी पंचाईत अशी, की आमच्याकडे पूजेला मांडलेलं दसरा उजाडेपर्यंत हलवत नाहीत. मित्र दिवसभर बसून राहिला आणि संध्याकाळी उदगीरला गेला, दसरा त्याला घरी करायचा होता. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण तो गेल्यावर मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या सकाळी फासळ्या पुन्हा घासायला आम्ही दोघंच बसलो. शेडमध्ये फक्त आम्ही दोघं, असं पहिल्यांदाच झालं होतं. जुन्या शिफॉनच्या साडीचा तुकडा मी कडांवरून फिरवत होते. धागा अडकला की तिथे बर राहिलीय.

"ह्या कुठल्या?" मी विचारलं.

"उजव्या सीटखालच्या."

म्हणजे मित्राच्या सीटखालच्या. मी आणखी जोरात घासलं.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. हात साबणाचे, म्हणून ह्यांनी स्पीकर लावला.

"झालं का रे?"

"तुझी वहिनी घासायलीय माझ्यासोबत."

"मग पहिल्यांदा वहिनीलाच बसीव की."

"ती कुठली बसती! तिला भीती वाटती."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "कोण म्हणलं? मला विचारलं का कधी? भावजी, आधीच सांगून ठेवते, ह्या सीटवर मीच बसणार."



"बसा वहिनी, खुशाल बसा. लई उपकार हुतील." त्याचा आवाज उतरला होता. "मला लई भ्या वाटायलंय. काम करायला आवडतं, पर वर जायाचं म्हनलं की नगं वाटतं. ह्याला सांगावं कसं, तेच कळंना."

फोन बंद झाला. सीट मला मिळाली होती. मी हसत ह्यांच्याकडे पाहिलं. ओली फासळी हातात धरून हे फोनकडेच बघत होते, साबणाचं पाणी कोपरावरून गळत होतं तरी. लग्नापासून कितीदा तरी मी रुसून रेणापूरला माहेरी जाऊन बसले असेन. माझ्यासाठी ह्यांचा चेहरा असा कधी पडला नव्हता.