रक्ताला पाणी न मानणारी वराक्का

वराक्का आज पहाटे गेली. आणि आफरीनचा सोमवारचा पीएचडीचा व्हायवा ठरल्या वेळी होणार आहे.

पहिली बातमी तिच्या धाकट्या भावाने दिली. दुसरी आफरीनने, दुपारी, बाहेरच्या परीक्षकांशी स्वतः फोनवर बोलून.

दोन्ही मी पुन्हा एकदा विचारून घेतल्या. धंद्याची सवय.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी: वरलक्ष्मी, गणिताची प्राध्यापक. आमच्याच गल्लीतलं विणकरांचं तेलुगू घर. मी पेपरात बातम्या लिहिणारा शेजारी, वयाने लहान, म्हणून ती माझी अक्का. आफरीन तिची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी.

अक्काचा विषय आयुष्यभर एकच. रक्त कसं वाहतं, ते समीकरणात मांडायचं.

हिशेब सोपा व्हावा म्हणून बरेच जण रक्ताला पाण्यासारखं धरतात. अक्का धरायची नाही.

का नाही, ते तिने मला त्यांच्या मागाच्या खोलीत दाखवलं होतं. सुताला लावायची खळ पातेल्यात होती, दाट. तिने काठीने गरगर ढवळली आणि काठी झटकन बाहेर काढली.

"बघ आता."

खळ फिरत फिरत थांबली. आणि मग किंचित उलटी फिरली.

"पाणी असं करतं का?"

"नाही."

"रक्त करतं. त्यातल्या पेशी लवचिक असतात की. ताण आला की धरून ठेवतात, सुटला की थोडं मागं खेचतात. मग त्याला पाणी म्हणून खोटं लिहू का?"

मी बातमीदाराचा प्रश्न विचारला. "याचा उपयोग काय, अक्का?"

"तुझ्या आजच्या पेपरचा उद्या काय उपयोग?"

"शेंगा बांधायला."

"मग माझं बरंय की."

नंतर नीट सांगितलं. मोठ्या धमनीत पाणी धरून चालतं, हे ती कबूल करायची. पण धमनी कुठं अरुंद झाली, की त्या जागेच्या पुढं रक्त रेंगाळतं. तिथं पाण्याचं गणित चुकू शकतं.

"आणि माणूस दगावतो तो अशाच जागी," ती म्हणायची. "मोठ्या रस्त्यावर नाही."

पुढे तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिसच्या खुर्चीत बसून ती नळीतून जाणारं स्वतःचं रक्त बघत राहायची.

भेटायला गेलेले आम्ही डोळे पुसायचो.

"रडतोस काय? लॅब मिळालीय मला, बसल्या जागी."

आज सकाळी विभागप्रमुख घरी आले. भला माणूस. अक्काच्या पाया पडले आणि ओट्यावर आफरीनशेजारी बसले.

"बेटा, सोमवारचं पुढं ढकलू. आणि प्रबंधातलं ते शेवटचं प्रकरण मागं घेऊ. परीक्षकांचा आक्षेप त्याच्यावरच आहे. मॅडम असत्या तर गोष्ट वेगळी. आता तुझ्या बाजूनं कोण बोलणार? बाकीच्यावर डिग्री आरामात मिळते."

शेवटचं प्रकरण म्हणजे खळीचं गणित. त्याच्या आधीच्या सगळ्या प्रकरणांत रक्त पाणीच आहे, तुलनेपुरतं.

ते काढलं तर अक्काचं काहीच उरत नाही. ठेवलं आणि सोमवारी टिकलं नाही, तर आफरीनची डिग्री लांबते आणि त्या डिग्रीवर अडलेली नोकरीही जाते.



आत भिंतीला टेकून बसलेल्या अम्मांनी, अक्काच्या आईने, मला हाक मारली. "काय म्हणतोय त्यो?"

मी सोप्या शब्दांत सांगितलं.

अम्मांनी थोडा विचार केला. "मागावर चढलंय न्हवं तिचं?"

"व्हय अम्मा."

"मग कापतेत व्हय मधनं?"

हा त्यांच्या घरचा नियम. उभे धागे, म्हणजे ताणा, एकदा मागावर चढला की कात्री लावायची नाही. विणूनच उतरवायचा.

अक्काचे अप्पा गेले तेव्हा मागावर अर्धी साडी होती. अक्का कॉलेजात. दिवसकार्य झाल्यावर तीच मागावर बसली आणि साडी पुरी केली. तिचं विणकाम सैल. अप्पांचा हात कुठं संपला आणि लेकीचा कुठं सुरू झाला, ते कुणालाही दिसतं.

ती साडी त्यांनी कधी विकली नाही. आज अम्मांनी ती अक्काच्या अंगावर घातली.

आफरीनने ते बघितलं. मग सरांकडे वळली.

"सर, प्रकरण राहणार. तारीख पण तीच."

"आणि त्यांनी खोलात विचारलं तर?"

"विचारू द्या की. मॅडमनी माझ्याकडून काही पाठ करून नाही घेतलं सर. भांडून घेतलंय."

सर हसले आणि त्यांना रडू आलं, दोन्ही एकदम. मग म्हणाले, "लाव फोन त्यांना."

परीक्षकांनी दुःख व्यक्त केलं. आक्षेप मात्र कायम आहे, म्हणाले. विचारणार.

आफरीन म्हणाली, "विचारा सर. मॅडमना राग आला असता नाही विचारलं तर."

तेव्हा एक विनंती. आठवणी रक्तात भिनल्यात वगैरे आज कुणी लिहू नये. तिला चालायचं नाही. रक्तात काय असतं हे तिला नक्की माहीत होतं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता, गणित विभागाच्या हॉलमध्ये, पहिला प्रश्न बहुधा हाच असेल: रक्ताला साधं पाणी का धरलं नाही? आफरीन पातेलं, काठी आणि खळ घेऊन येणार आहे. खळ अम्मा शिजवून देणार आहेत.

व्हायवा खुला आहे. कुणीही येऊ शकतं.

फुलं आणू नका. प्रश्न आणा.

निघ आता, अक्का. इथलं आम्ही बघतो.