कबुतरं उतरवायचं कापड

दिवसभर हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाने सकाळ-संध्याकाळ कबुतरांच्या नादात घालवावी, हे परभणीत माझ्या ओळखीच्या कोणालाच पटत नव्हतं. मी तेव्हा एका लहानशा कॉम्प्युटर सेंटरमध्ये पगारपत्रकांचे प्रोग्राम लिहायचो. लोकांना वाटे, हा फावल्या वेळात इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं वाचत असणार. मला पुस्तकं नको होती, मान वर करायला निमित्त हवं होतं. प्रोग्राम चुकला तर ओळ बदलून पुन्हा चालवता येतो. कबुतर चुकलं की गेलं. त्या धास्तीचीच मला गोडी होती.

खोली गच्चीवर होती. देताना घरमालकांनी आधी गाव विचारलं, मी पेडगाव सांगितलं. मग विचारलं, गावात घर कोणत्या अंगाला. हा प्रश्न कशासाठी असतो ते आम्हाला लहानपणापासून कळतं. मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. ते जरा वेळ पान चघळत राहिले, मग म्हणाले, वरची खोली घ्या, जिना बाहेरून आहे. तो बाहेरचा जिना मला टोचला, पण गच्ची मिळत होती म्हणून गप्प बसलो. पुढे हेच काका रोज संध्याकाळी त्याच जिन्याने वर येऊन माझ्या कबुतरांना ज्वारी टाकू लागले.

उडालेली कबुतरं उतरवायची एक रीत असते. बांबूला कापड लावून ते हवेत फिरवायचं, शीळ घालायची आणि दाणे टाकायचे. पाखरं लहानपणापासून जे कापड बघतात, तेच ओळखतात. माझं कापड म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, गडद निळा. फाटलेलं, धुतलेलं, फुकट मिळालेलं. त्यामागे माझा दुसरा कुठलाही विचार नव्हता.

मग चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय जाहीर झाला. आमच्या माणसांनी डोळे पुसले, पेढे वाटले, पण दारं लावून. अठ्ठ्याहत्तर साली याच नावावरून आमच्या लोकांच्या वस्त्या जळाल्या, तेव्हा मी शाळकरी होतो. आमच्या गावात काही झालं नव्हतं, तरी आसपासच्या बातम्या ऐकून आई आम्हाला ज्वारीच्या पिकात घेऊन बसली होती. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या झेंड्याच्या रंगाचं ते निळं कापड गादीखाली सारलं, बांबूला पांढरा पंचा बांधला आणि कबुतरं सोडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

कारण पाखरं पंच्याला उतरेनात. मी पंचा हलवला की थवा खाली यायचा आणि बिचकून पुन्हा वर जायचा. थव्यात एक राखाडी मादी होती. तिची पिल्लं अजून डोळे न उघडलेली, खुराड्यात चोची वर करून बसली होती. त्यांचा नर आठवड्यापूर्वीच ससाण्याने नेला होता. ती उतरली नाही, तर पिल्लं थंडीने आणि भुकेने संपणार होती. आणि ससाणा पाण्याच्या टाकीवर येऊन बसलेलाच होता.

खाली दुकानं बंद होती. कोपऱ्यावर पोरं जमली होती, नामांतराविरुद्ध घोषणा चालू होत्या. त्यातले दोघे-तिघे हात कपाळाला लावून वर माझ्याकडे बघत होते. मी खोलीत जाऊन गादी उचलली, कापड बघितलं आणि गादी परत टाकली. असं किती वेळा केलं, कोण जाणे. मला भीती वाटत होती आणि भीती वाटते याचा संताप येत होता. माझ्या आईचं लुगडं, माझी पाखरं, आणि मी चोरासारखा गादीपाशी उभा.

काका वर आले. पिल्लांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, पंच्याकडे बघितलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. गादीखालचं कापड त्यांनीच मागितलं.

"तुमी खोलीत बसा. मी फिरवतो. माझ्या हातात दिसलं तर कोणी बोलणार न्हाई."

ते खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. तरी मी कापड दिलं. त्यांनी बांबू फिरवला, पण चारा कापायला निघाल्यासारखा. शीळ तर त्यांना येतच नव्हती. थवा एकदा खाली झुकला आणि लांब गेला. टाकीवरचा ससाणा उडाला.

मी बाहेर आलो आणि त्यांच्या हातातून बांबू घेतला. निळं कापड डोक्यावर गेलं तशी कोपऱ्यावरची घोषणा मध्येच थांबली. कोणीतरी ओरडून विचारलं, वर काय चाललंय. काका कठड्याला टेकून उभे राहिले, माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये.

"आमी कबुतरं उतरवायलोत. गुमान जावा घरी."

माझे ओठ कोरडे पडले होते, शीळ फुटेना. जीभ फिरवून पुन्हा घातली तेव्हा फुटली. राखाडी मादी सगळ्यांच्या आधी खाली आली आणि थेट खुराड्यात घुसली. तिच्यामागे बाकीची खुराड्याच्या पत्र्यावर टेकली, तोच एक दगड पत्र्यावर आदळला. थवा भर्रकन पुन्हा उडाला, वर ससाणा घिरट्या घालत होताच. मादी मात्र आतच राहिली. पिल्लांना पोटाखाली घेऊन ती थरथरत होती. माझ्या जिवात जीव आला.

काकांनी तो दगड उचलला, हातात तोलून बघितला आणि कठड्याच्या आतल्या बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, उद्यापासून पाखरांना पांढऱ्याची सवय लावा, आठ-पंधरा दिवसांत शिकतील.

पाखरं शिकली असती, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "न्हाई लावणार, काका. हेच राहील."

खोली सोडायला सांगतील, असं मला वाटलं. खुराड्यापाशीचं ज्वारीचं डबडं त्यांनी उचललं, मूठभर दाणे घेतले आणि आभाळाकडे बघितलं.

"मग थांबलात कशाला? फिरवा. बाकीची वरच हायत अजून."