महागावचा नारळ, मेक्सिकोचा देव

शिट्टी वाजली तेव्हा मी हेडकाउंट घेत होते. म्हणजे माणसं मोजत होते. टूर मॅनेजरचं निम्मं आयुष्य यातच जातं. एक डोकं कमी भरत होतं. शिट्टीच्या दिशेनं पाहिलं आणि ते कोणाचं हे कळलं. पिरॅमिडच्या पायथ्याशी, दोरीच्या पलीकडे, महागावचे गुलाबभाऊ हात जोडून उभे होते. समोर फुटलेला नारळ.

ग्रुप यवतमाळ जिल्ह्यातल्या कृषी केंद्रवाल्यांचा. बियाणं, औषधं भरपूर खपवली की कंपनी त्यांना फुकट फिरवून आणते. याला इन्सेंटिव्ह टूर म्हणतात. यंदा मेक्सिको होतं: समुद्र, बुफे आणि माया लोकांचं जुनं ओसाड शहर. बसमध्ये लोकल गाइड मातेओ पोटतिडकीनं इतिहास सांगत होता, मी तो मराठीत करत होते आणि मंडळी घोरत होती. फक्त 'हे देऊळ पावसाच्या देवाचं' या वाक्याला गुलाबभाऊ टक्क जागे झाले. गावाकडे सोयाबीन फुलावर आणि पावसानं दडी मारलेली. त्यांचा मुलगा रोज करपलेल्या शेतांचे फोटो पाठवत होता.

मी धावत गेले. "भाऊ, हे काय केलं?"

"देवाच्या दारात आलो अन् नारळ नाही फोडाचा?" त्यांनी मलाच दरडावलं.

"आणला कुठून?"

"हाटेलच्या बागेत पडेल होता. बाल्कनीच्या गजावर सोलला."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात गार्ड आला आणि त्याच्यामागे सुपरवायझर. त्यानं भाऊंकडे पाहिलंही नाही. सरळ मातेओच्या गळ्यातलं लायसन्सचं कार्ड काढून घेतलं. पाहुण्यानं आगळीक केली तर जबाबदार गाइड, असा तिथला नियम. कार्ड गेलं की काम गेलं. मातेओचा चेहरा पांढराफटक पडला. मला भाऊंचा इतका राग आला की पुसदच्या बसस्टँडवरच्या शिव्या ओठांपर्यंत आल्या.

"तुमच्या भक्तीपायी त्याची रोजीरोटी चालली!"

भाऊंचा नूर पालटला. ते सुपरवायझरच्या पुढ्यात उभे राहिले. "याले सांगा ताई. नारळ माहा, हात माहा. त्या पोराचं कारड कायले काढून राह्यले? मले धरा."

मी ते इंग्रजीत सांगितलं, मातेओनं चाचरत स्पॅनिशमध्ये. तोवर भाऊंनी खोबऱ्याचा तुकडा काढून सुपरवायझरच्या हातावर ठेवलासुद्धा. भांडण चालू असलं म्हणून काय झालं, समोरच्याला प्रसाद चुकत नाही. त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तो तोंडात टाकला. मग गार्डनंही हात पुढे केला.

खोबरं चावत सुपरवायझरनं विचारलं, "देवाकडे मागितलं काय?"

"पाऊस," भाऊ म्हणाले. "पीक वाळून राह्यलं."

सुपरवायझर चावायचा थांबला. त्याच्या वडिलांचा मकाही वाळत होता म्हणे. त्यानं वाकून पाहिलं. नारळ देवळाच्या पायरीवर नाही, खालच्या साध्या धोंड्यावर फोडलेला होता. कार्ड परत मातेओच्या गळ्यात गेलं. माझा जीव भांड्यात पडला. आम्हाला मात्र गेटबाहेर काढलं. पिरॅमिड धड न पाहताच परतलो, पण कोणी तक्रार केली नाही. बुफेची वेळ झाली होती.

त्याच संध्याकाळी तिथं आभाळ फाटलं. पुढचे दोन दिवस बीच बंद, बोट बंद. मंडळी लॉबीत पत्ते कुटत बसली आणि फुकटच्या टूरचा मला रिफंड मागू लागली. मातेओचा फोन आला: सुपरवायझरच्या वडिलांचा मका वाचला, भाऊंना नमस्कार सांगितलाय.

महागावात कडकडीत ऊन होतं.

"भाऊ, देवाला नेमकं म्हणालात काय?"

"पाऊस पाड म्हनलं."

"कुठं?"

भाऊंनी लॉबीच्या काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. "महागाव म्हनाचं राहूनच गेलं ना ताई."

आता माझ्या ब्रीफिंगमध्ये पासपोर्टनंतरची सूचना ठरलेली आहे. नारळ फोडायचा तर गेटबाहेर फोडा, आणि देवाला पत्ता पिनकोडसकट सांगा.