दारातली म्हातारी

शांताराम गेल्याचा निरोप रामनगरात आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. समोरच्या टेलिफोन बूथवाल्याची बायको पदर खोचून धावत आली आणि वर्गाच्या दारातच थबकली. तिचं तोंड बघूनच मी खडू खाली ठेवला. "बाई, बेळगावास्नं फोन आलाय... तुमच्या भावाचं काय तरी झालंय," एवढंच ती म्हणाली. बाकीचं मागाहून कळलं. शिकवणी घ्यायला निघाला होता, जिना उतरताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. शांताराम माझा चुलतभाऊ. आम्ही एका घरात वाढलो आणि तो मला अक्का म्हणायचा.

रडणं तेव्हाच झालं. आज हे लिहायला बसले आहे ती राग आवरत नाही म्हणून. त्याला जाऊन काही आठवडे झाले असतील नसतील, तोच एका रविवारच्या पुरवणीत अर्धं पान भरून मजकूर आला. जुना गाजलेला कॉम्प्युटर खेळ नव्या रंगांत, नव्या संगीतासह सीडीवर परत आला आहे, आणि त्यातली भयंकर म्हातारी पोरांची झोप उडवते आहे, असा. हुशार तरुणांच्या चमूचं कौतुक होतं, कंपनीच्या मालकांचा फोटो होता. तो खेळ ज्यानं रचला त्या शांतारामचं नाव एका ओळीतही नव्हतं. आणि ती भयंकर म्हातारी कोण, हे त्या लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. ती माझी काकू आहे, शांतारामची आई. रामनगरात राहते. जिवंत आहे.

नाव शांताराम असलं तरी शांतपणा त्याच्या वाट्याला कधी आला नाही. पत्त्यांत लबाडी करायचा, आणि पकडलं की पत्ते उधळून निघून जायचा. कंडक्टरशी, वाण्याशी, मास्तरांशी, कुणाशीही भांडायचा. पण तासाभरात परत येऊन, काही झालंच नाही अशा थाटात, "अक्का, चा टाक की," म्हणून बसायचा. त्याच्यावर राग धरून बसणं कुणालाच जमलं नाही.

आमचं गाव बोरगाळी. जोयड्याच्या रानात, काळी नदीच्या अंगाला, मोजक्या घरांचं. गोव्याकडून रेल्वेनं येणारा माणूस कॅसलरॉकला उतरून रानातनं चालत आला की दिवस कलता कलता गावात पोचायचा, आणि पहिलं घर लागायचं ते आमचं. त्यामुळं कासार असो, फॉरेस्टचा गार्ड असो, वाट चुकलेला कुणी असो, काकू दारातच त्याला अडवायची. "आदी पेज खा, मग काय ते सांग." कोण, कुठला, कुठल्या जातीचा, हे सगळं पेज पोटात गेल्यावर. खारातली कैरी आणि ऊन पेज. त्या दारातनं उपाशी पुढं गेलेला माणूस मी पाहिला नाही.

मग धरण आलं. कुणी मोजणीला आलं, कुणी समजूत घालायला आलं, आणि शेवटी लॉऱ्या आल्या. शांताराम तेव्हा डिप्लोमा संपवून नुकताच घरी आला होता. देवीची मूर्ती शेल्यात गुंडाळून गुरवाच्या मांडीवर दिली, त्याला ड्रायव्हरशेजारी बसवलं. देवळातली मोठी घंटा मात्र निघेना. तिची कडी गंजून तुळईत रुतली होती. शांताराम तुळईवर चढून ठोकत होता आणि खालून ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी थोरल्यांनी त्याला हाका मारून उतरवलं. "उद्या येऊन नेऊ," म्हणाले. रामनगरला येईपर्यंत तो लॉरीच्या फळीला टेकून बसला होता. ती घंटा न्यायला कुणाला जाता आलं नाही. पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा देवळाचं शिखरसुद्धा दिसत नव्हतं.

रामनगरला जागा मिळाली, घरं झाली. काकू सवयीनं नव्या घराच्या दारात उभी राहायची, पण रस्त्यानं जाणारे सगळे रस्ता माहीत असलेले. "हितं कोन वाट चुकतंय गं," असं ती एकदा म्हणाली होती... तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

शांताराम नोकरीला बेंगळुरात गेला. शाळांना कॉम्प्युटर विकणारी लहानशी कंपनी होती, आणि मुलांसाठी एखादा खेळ तयार कर असं त्याला सांगितलं होतं. एका चतुर्थीला तो घरी आला तो गोधडीत काहीतरी गुंडाळून. आम्हाला वाटलं, भांडी असतील. तो कॉम्प्युटर होता. शेजाऱ्यांचा टीव्ही आणून त्याला जोडला आणि दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्या बोरगाळीकरांना बोलावून घेतलं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांनी काढलेली चित्रं, खाली इंग्रजीत दोन ओळी. आपण शब्द टाइप करायचे, की पुढचं चित्र यायचं. खेळ कॅसलरॉकच्या स्टेशनावर सुरू व्हायचा. तिथून रानातनं बोरगाळीला पोचायचं, आणि पाणी चढायच्या आत देवळातली घंटा सोडवून बाहेर आणायची.

पडद्यावर आमची पाणंद होती, पाण्याची बाव होती, सोमाण्णाचं खळं होतं. काकूला इंग्रजी येत नव्हतं. ती सांगायची, तो टाइप करायचा.

"वड्याकडं चल."

"चाललो."

"पायऱ्यांवरनं नगो रं, घसरशील. फणसाकडनं उतर."

शांताराम थांबला. "फणस घातलाच न्हाई मी."

"मग घाल की."

आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून, मान खाली घालून, त्यानं तिथंच फणस घातला. मग घराचं चित्र आलं. दारात अंबाडा घातलेली एक बाई, हातात वाडगं.

"ही कोन?"

"तू."

काकूनं पदर तोंडाला लावला. "माजं नाक येवडं मोटं हाय व्हय?" सगळे हसले, आणि हसता हसता कुणी कुणी डोळे पुसले. त्या म्हातारीची पेज खाल्ल्याशिवाय खेळात पुढं जाताच यायचं नाही. आडमुठी पोरं पेज नको म्हणून टाइप करायची, तर ती पुन्हा 'आधी पेज खा' असंच म्हणायची. वेडंवाकडं काही टाइप केलं तर मात्र गप्प बसायची, आणि तिची माफी मागितल्याखेरीज खेळ सरकायचा नाही.

तो खेळ शाळाशाळांतून गेला. हुबळीच्या, पुण्याच्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. बोरगाळी कुठं आहे असं विचारणारी पत्रं यायची आणि शांताराम हसून म्हणायचा, "अक्का, पाण्याखाली आहे म्हणून सांगू, का फ्लॉपीत आहे म्हणून सांगू?" पुढं कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, त्याचं नव्या लोकांशी पटेना, तो बेळगावला येऊन खोली घेऊन राहिला आणि पोरांना कॉम्प्युटर शिकवू लागला. लग्न केलं नाही. त्याच्या तेराव्याला आमच्याच नात्यातले एक गृहस्थ पंगतीत म्हणाले, "हुशार होता, पण खेळ करण्यात जन्म घालवला." मी वाढता वाढता तिथून निघून गेले. ज्या गावाचा एक दगड आमच्यातल्या कुणाला वाचवता आला नाही, त्याची पायवाटन् पायवाट ज्यानं राखली, त्यानं जन्म घालवला म्हणे.

गेल्या वर्षी बेळगावच्या एका दुकानात त्याला नव्या खेळाची जाहिरात दिसली. तो तसाच रामनगरला आला. "अक्का, बेंगळुराला माझ्यासंगं चल. एकटा गेलो तर हात उचलीन मी." लोंढ्याहून गाडी पकडून आम्ही गेलो. ऑफिस गार, चकचकीत. एका तरुण अधिकाऱ्यानं आमच्यापुढं बिस्किटं ठेवली, हिंदीत गोड बोलला आणि मोठ्या अभिमानानं खेळ लावला. कॅसलरॉकचं ते रानातलं साधं स्टेशन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हसू येईल, पण या लोकांनी नावात 'कॅसल' वाचून तिथं खराखुरा किल्ला उभा केला होता, बुरूज आणि झेंड्यांसकट. घंटेच्या जागी सोन्याची पेटी होती. पाणी काढून टाकलं होतं. "पाणी हळूहळू चढतं, त्यात मुलांना मजा येत नाही," असं तो म्हणाला. आणि मग आमचं घर आलं. दारात ती. अंबाडा तोच, नाक तेच, पण दात सुळे झालेले, डोळे लाल, वाडग्यात विष. "हिला मारल्याशिवाय किल्ल्याची किल्ली मिळत नाही," त्यानं सांगितलं, आणि पडद्यावर तिच्यावर तलवार चालवून दाखवली.

मी शांतारामचं मनगट घट्ट धरलं. पण तो उठला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ती माझी आई आहे."

अधिकाऱ्याला चेष्टा वाटली. तो हसला. मग आमच्याकडे बघून हसायचा थांबला. "सर, खेळात शत्रू लागतोच..."

"माझं नाव घालू नका. मला काही नको. किल्ला ठेवा, पेटी ठेवा. ही म्हातारी तेवढी काढा."

आणि त्यानं हात जोडले. आयुष्यात कुणापुढं न वाकलेल्या माझ्या भावानं, त्याच्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या त्या पोराला हात जोडले. तो अधिकारी उठून उभा राहिला, शांतारामचे हात हातात घेऊन म्हणाला, "नक्की काढू सर. शब्द देतो." परतीच्या गाडीत हुबळी मागं पडल्यावर शांताराम म्हणाला, "काढतील गं. भला वाटला पोरगा." त्यानं त्यांच्यावर विश्वास ठेवला. नाव गाळल्याचं मी एक वेळ सोडून देईन, पण हा विश्वास मातीत घातल्याचं सोडणार नाही.

त्याच्या मरणानंतर कंपनीचा माणूस आला नाही, फोन आला नाही. शाळेला एक सीडी आली, सप्रेम भेट. शाळा सुटल्यावर मी ती लावली. वाटलं, निदान तेवढं तरी केलं असेल. दारात ती उभी होती, सुळ्यांसकट. मला पुढं खेळता येईना. तिला मारल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, आणि मला तिला मारता येत नव्हतं. मी मशीन बंद केलं. कौतुकाचं पान लिहिणाऱ्या सद्गृहस्थांना माझं विचारणं आहे की, हा खेळ मुळात कुणाचा, एवढा एक प्रश्न तुम्हाला का सुचला नाही? ओळखीतले लोक मला समजावतात, "बाई, एवढं काय मनावर घेता, खेळच आहे तो." आमचं गाव बुडवलं तेव्हा आम्हाला सांगितलं की हा विकास आहे. आता आमची माणसं विद्रूप करताना सांगतात, हा खेळ आहे. नाव बदलतं, पण जे जातं ते आमचंच जातं आणि गप्पही आम्हीच बसायचं!

काकूपासून मी हे लपवलं होतं. गेल्या आठवड्यात तिला घेऊन बेळगावला गेले, शांतारामची खोली रिकामी करायला. एक खाट, पुस्तकांच्या चळती, खिडकीजवळ जुनं मशीन आणि भिंतीला खुंट्यांची फळी. मी शर्ट काढून, घड्या घालून पिशवीत भरत होते. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात एक एक कंगवा निघत होता. केसांची ही हौस मला ठाऊकच नव्हती. काकू खाटेवर बसून ते कंगवे मांडीवर ओळीनं लावत होती. वर न बघता तिनं विचारलं, "सुमे, त्या नव्या खेळात मला मारत्यात म्हनं?"

नळावर कुणीतरी बोललं असणार. खोटं बोलणं माझ्यानं झालं नाही. "व्हय काकू."

"कशापायी?"

"तुझ्याकडं किल्ली असती. ती घ्यायला."

तिनं हातातला कंगवा मांडीवरच्या ओळीत ठेवला. रागावली नव्हती. तिला ते खरोखरच कळत नव्हतं.

"मग मागायची की," ती म्हणाली. "मी न्हाई म्हटलं असतं व्हय?"

काकू उठली, पिशवीतले शर्ट तिनं एकेक करून बाहेर काढले, झटकले, परत खुंट्यांवर टांगले आणि ज्याच्या त्याच्या खिशात कंगवा ठेवला. "एवढ्यात नगो," एवढंच म्हणाली. खोली आवरायला गेलेल्या आम्ही दोघी रिकामी पिशवी घेऊन रामनगरला परत आलो.