बोर्दोच्या बाटलीपायी बिघडलेलं मटण

बायको गेली तेव्हा तिच्या हातचा कांदा-लसूण मसाला थोडा उरला होता. मुलानं मला सिंगापूरला आणलं, तेव्हा कपड्यांच्या आधी ती बरणी मी बॅगेत भरली. मिरच्या तिनं स्वतः निवडलेल्या, डंकावर उभं राहून कुटून घेतलेल्या, कीड लागू नये म्हणून वर हिंगाचे खडे. मी फक्त रविवारी चमचाभर काढू द्यायचो. एरवी सून लिटिल इंडियातून आणलेलं पाकीट वापरायची. त्याला रंग होता, बाकी काही नव्हतं.

एक दिवस मुलाच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम जेवायला यायच्या ठरल्या. इथल्याच, चिनी. सून म्हणाली, "बाबा, आईंचा मसाला घालू का मटणाला?" म्हटलं, घाल सगळा. वास उडायला लागलाय, संपायचाच तर चांगल्या रश्श्यात संपू दे. तिच्या चवीचं एकदा पोटभर जेवायचं होतं मला. दुसरं काही नको होतं.

रस्सा झाला. घरभर ती आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात मुलगा फ्रान्सची लाल वाइन घेऊन आला आणि मला शिकवायला लागला.

"बाबा, बोर्दो म्हणून भाग आहे. नदीच्या एका काठाला सगळी गोट्यांची जमीन. तिथली ही द्राक्षं. भाजलेल्या मटणाबरोबर, चीजबरोबर ही खूप छान लागते."

मी घोटभर घेतली. जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते ना, तशी धरली. वाईट नव्हती. पण त्यानं रस्सा चाखला, वर वाइन प्याला आणि तोंड कडू केलं. "तिखटानं वाइन कडू लागतेय. मॅडमना वाइनमधलं खूप कळतं हो."

मी हातपाय धुवून आलो तर रस्सा गुलाबी! मुलानं क्रीमचा अख्खा डबा ओतला होता, वर साखर.

"अरे, तुझ्या आईच्या मटणाला आता बोर्दोची परवानगी लागते का? एवढं होतं तर बाटली बदलायची. मटण का बाटवलंस?"

"बाबा, प्लीज. त्या येतीलच आता."

सून पदर नसताना पदर शोधल्यासारखी उभी. तिचा काय दोष?

मॅडम आल्या. वाइनची स्तुती केली, दोन घास खाल्ले आणि हसत विचारलं, "चिली पडी आहे का?" म्हणजे ती बारकी जहाल मिरची. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, प्रत्येक ताटाबरोबर मागतात ही माणसं. सुनेनं कापून दिली. मॅडमनी ती त्या गोड लगद्यावर पसरली, वर वाइन प्यायल्या आणि काही कडूबिडू वाटलं नाही त्यांना. मी मुलाकडे बघितलं. तो ताटात बघत होता.

मग मात्र मला बसवेना. आत गेलो. बरणी सुनेनं अजून धुतली नव्हती. तेल जरा गरम करून आत ओतलं, गरम भात घातला, मीठ घातलं आणि बरणी फिरवून फिरवून हलवली. कडांना चिकटलेला मसाला सुटला. भात लाल झाला. बरणी घेऊन टेबलाशी आलो आणि हातानं खायला लागलो.

मॅडमनी वास घेतला. "अंकल, काय आहे ते? मला थोडं?"

"नो," म्हटलं. पाहुण्याला नाही म्हणू नये हे मलाही कळतं. पण होता किती तो भात?

मुलाचे कान लाल झाले. तोही हळूच बरणीकडे बघत होता. लहानपणी असाच ताटाशी टपून बसायचा. एक घास त्याच्या ताटात टाकला. त्यानं खाल्ला आणि डोळे मिटले. मग सवयीनं त्याचा हात ग्लासाकडे गेला.

म्हटलं, "आता यावर ती वाइन पिऊन तर बघ."

त्यानं हात मागे घेतला.