प्रायमरचा भाव आणि माझी एक ओळ

"फ्राऊ मेश्राम, आपण धर्मादाय संस्था झालो आहोत का?"

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी काउंटरवरच्या फ्राऊ रीके माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. हातात ऑर्डरींची प्रिंट. मी अजून कोटही काढला नव्हता. आठ आठवडे वाट बघून मिळालेली रायफल प्रायमरची खेप शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गोडाउनमध्ये लागली होती. शनिवार-रविवारात वेबशॉपवरून ती सगळी विकली गेली. तीही ज्या भावाला आम्ही घेतली, त्याहून कमी भावाला. रविवारी जर्मनीत कुणी ऑफिसचा ईमेल उघडत नाही, त्यामुळे ऑर्डरी येत राहिल्या आणि आम्ही सगळे आपापल्या घरी केक खात बसलो.

भाव माझं सॉफ्टवेअर लावत होतं.

ही २०१३ ची गोष्ट. नीडरझाक्सन राज्यातल्या ब्राउनश्वाइगला मास्टर्स करून मला पहिली नोकरी लागली ती जवळच्याच एका गावात, शिकारीचं आणि नेमबाजीचं सामान विकणाऱ्या घरगुती कंपनीत. पुढे एक काउंटर, मागे गोडाउन, वर ऑफिस. माझं पद प्राइसिंग अ‍ॅनालिस्ट. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून माल कितीला आला, त्यात आपला खर्च किती, बाजारात भाव काय, हे सगळं बघून विक्रीची किंमत ठरवणारे नियम कॉम्प्युटरला शिकवायचे.

नागपूरला आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने आधी पगार विचारला. मग म्हणाली, "शस्त्रांचा व्यापार करू नये असं आपल्या धम्मात सांगितलंय, आठवतं का काही?"

"आई, मी कुठे विकते? मी नुसते भाव लावते."

"भाव लावणाराच तर विकतो," आई म्हणाली आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

आमच्याकडे सगळ्यात डोकेदुखीचा विभाग होता रिलोडिंगचा. गोळी झाडली की पितळेची पुंगळी उरते. ती फेकायची नाही. साफ करायची, तिच्या बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, तोलून दारू भरायची, वर नवं बुलेट, म्हणजे गोळीचं धातूचं टोक, दाबायचं. प्रायमर म्हणजे टिकलीएवढी धातूची टोपी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. हे घरी करायला इथे सरकारी परवाना लागतो, त्याआधी कोर्स आणि परीक्षा. करणारे बहुतेक नेमबाजीच्या क्लबातले, म्हणजे शुट्झेनफेरआइनमधले पेन्शनर. हातात चिमटा, समोर काटा, आणि चेहऱ्यावर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी कधीच आणू शकले नाही इतकी एकाग्रता.

त्या वर्षी अमेरिकेत बंदुकीचे कायदे कडक होतील या भीतीने लोकांनी या सामानावर झडप घातली. कारखान्यांनी माल तिकडे वळवला. आमचा घाऊक व्यापारी मागू तेवढं देईना, देईल तेवढं घ्यायचं. त्यात दर पंधरा दिवसांनी नवी प्राइस लिस्ट, तीही फॅक्सवर. आमचे मालक हेर ओल्टमान म्हणाले, "हाताने भाव बदलणं बंद. फ्राऊ मेश्राम, नियम लिहा." मी लिहिला. खरेदीचा भाव वाढला की विक्रीचा भाव आपोआप वाढेल, असा साधा नियम. दारूला लावला, बुलेटला लावला, सुरळीत चालला. प्रायमरला तो गेल्याच आठवड्यात लावला होता.

आणि माझी प्रोबेत्साइट चालू होती. प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीचे पहिले सहा महिने. या काळात कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कारण न देता घरी पाठवू शकते. माझा पाचवा महिना संपत आला होता. व्हिसा नोकरीला बांधलेला. ही नोकरी गेली तर आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, त्याच राखाडी कॉरिडॉरमध्ये पुन्हा नंबर घेऊन बसायचं.

नऊ वाजता हेर ओल्टमान आले. त्यांनी प्रिंट वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"कुणी केलं?"

काउंटरवाले म्हणाले, आयटी. आयटी सांभाळणारा एकटा माणूस सुट्टीवर. मी सॉफ्टवेअर कंपनीच्या हॉटलाइनला फोन लावला. वीस मिनिटं पियानो ऐकल्यावर एकजण आला आणि म्हणाला, "आल्झो, तर शुक्रवारी तुमच्याकडे आमचा अपडेट बसलाय. असू शकतं. लेखी कळवा, बघतो." हे वाक्य मी हेर ओल्टमान यांना सांगितलं मात्र, त्यांना गुन्हेगार सापडला. ते खोलीत जाऊन कडक पत्राचा मसुदा करायला बसले. पत्र त्यांना फार आवडायचं.

मी मात्र प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचत बसले. तास गेला, दोन गेले. खरेदीचा भाव बरोबर. खर्च बरोबर. काढलेली किंमतही बरोबर. मग शेवटी ती खाली कोण आणतंय? तीन वाजता सापडलं. एकच ओळ. काढलेली किंमत यूव्हीपीपेक्षा जास्त आली, तर यूव्हीपी लाव.

ती ओळ मी लिहिली होती. अपडेटचा काडीचा संबंध नव्हता.

यूव्हीपी हा इथल्या प्राइस लिस्टमधला एक रकाना. उत्पादकाने सुचवलेली किरकोळ किंमत. सुचवलेली! दुकानदाराने ती पाळलीच पाहिजे असं काही नाही. पण मी वाढले एमआरपीच्या देशात. बिस्किटाच्या पुड्यापासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत सगळ्यावर कमाल किंमत छापलेली, तिच्यावर एक रुपया घेतला तर गुन्हा. माझे बाबा स्टेशनवर पाण्याच्या बाटलीमागे दोन रुपये जास्त मागणाऱ्याशी गाडी सुटेपर्यंत भांडायचे. ते भांडण माझ्या हाडीमाशी इतकं मुरलेलं, की यूव्हीपीचा रकाना दिसला आणि माझ्या बोटांनी आपोआप त्याच्यावर कमाल मर्यादा घातली. मी थांबले नाही, कुणाला विचारलं नाही. दारू आणि बुलेटच्या यूव्हीपी नव्या होत्या म्हणून ते खपून गेलं. प्रायमरची यूव्हीपी टंचाईच्या आधीची होती, आताच्या खरेदीच्या भावाहूनही कमी. तुमची ओळ कुणीतरी तपासली असेलच ना, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. नाही तपासली. मी एकटीच होते.

खरं सांगते, पाच मिनिटं माझं बोट डिलीटच्या बटणावर होतं. ती ओळ पुसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हॉटलाइनवाल्याने आळ स्वतःहून अंगावर घेतल्यासारखाच होता. पलीकडच्या खोलीतून हेर ओल्टमान यांचा आवाज येत होता, ते मसुदा मोठ्याने वाचत होते. प्रोबेत्साइट संपायला साडेचार आठवडे. मला माझाच इतका राग आला होता की दुसऱ्या कुणावर ढकलण्यातही काही समाधान नव्हतं. शिवाय तो हॉटलाइनवाला पोरगा बिचारा नीट बोलला होता.

मी दार वाजवलं.

"पत्र पाठवू नका. चूक माझी आहे."

मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही वर मर्यादा घातली."

"हो."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. आमच्याकडे छापलेल्या किमतीच्या वर विकता येत नाही, म्हणून..."

"फ्राऊ मेश्राम, आपण नीडरझाक्सनमध्ये आहोत."

"गेनाऊ," मी म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. दुसरं काय म्हणणार?

"उद्या बोलू," ते म्हणाले आणि इतका वेळ घोटलेला मसुदा चुरगाळून टोपलीत टाकला. मला वाटलं, टोपलीत मीच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते, मी आणि फ्राऊ रीके बसलो. हेर ओल्टमान यांचं ठरलं होतं. सगळ्या ऑर्डरी रद्द, सगळा माल नव्या भावाने परत विक्रीला. कायद्याने चालत होतं. वेबशॉपवरची ऑर्डर ही नुसती मागणी असते, आम्ही ती स्वीकारल्याचं कळवेपर्यंत व्यवहार पक्का होत नाही.

"बावन्न जणांना मी तोंड दाखवायचं, तुम्ही नाही," फ्राऊ रीके म्हणाल्या.

"एकसष्ट ऑर्डरी आहेत," हेर ओल्टमान म्हणाले.

"त्यातली बावन्न आपली माणसं आहेत. नऊ मला माहीत नाहीत."

त्या काउंटरवर अठ्ठावीस वर्षं होत्या. त्यांनी पर्समधून चौकटीच्या कागदाची वही काढली. त्यात प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नाव, क्लब, बंदुकीचा कॅलिबर आणि एका सीझनला त्याला किती प्रायमर लागतात ते पेन्सिलने लिहिलेलं. माल कमी असला की त्या वहीत बघून द्यायच्या, आणि जास्त मागणाऱ्याला तोंडावर सांगायच्या, तुला इतके लागत नाहीत. ही पद्धत कंपनीच्या कुठल्याही कागदात नव्हती. मी पाच महिने वरच्या मजल्यावर बसून टंचाईचे नियम लिहीत होते आणि टंचाईचा खरा नियम खाली पर्समध्ये होता. मी डोक्याला हात लावला.

हेर ओल्टमान वहीकडे बघून पांढरे पडले. "फ्राऊ रीके, हा डाटेनशुट्झचा भंग आहे!" डाटेनशुट्झ म्हणजे खासगी माहिती जपण्याचा कायदा. त्यावर तिथे दहा मिनिटं वाद झाला. गोडाउनमध्ये माल अडकलेला, नुकसान डोक्यावर, आणि हे दोघं पेन्सिलीने लिहिलेलं कायद्यात बसतं का यावर भांडतायत. मला किंचाळावंसं वाटलं.

शेवटी मी लॅपटॉप फिरवून यादी दाखवली. बावन्न ऑर्डरी लहान, एकेक-दोन-दोन डब्यांच्या, वहीतल्या आकड्यांशी जुळणाऱ्या. नऊ ऑर्डरी अवाढव्य, सगळ्या नवीन खात्यांवरून, शनिवारी दुपारी एका तासात आलेल्या. कुठल्याशा नेमबाजांच्या फोरमवर आमचा भाव कुणीतरी टाकला होता. तीन चतुर्थांश माल त्या नऊजणांनी मागवला होता.

"नऊ रद्द करा," मी म्हणाले. "बावन्नांना लावलेल्या भावाने द्या. आणि पुढे भाव नवा लावू, पण एका परवान्यावर किती द्यायचे त्याची मर्यादा घालू. यावेळी मर्यादा नगांवर, किमतीवर नाही."

हेर ओल्टमान यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आणि नगांची मर्यादा कोण ठरवणार?"

फ्राऊ रीके यांनी वही पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली. "मी," त्या म्हणाल्या.

तसंच झालं. बावन्न जणांचा माल तोट्यात गेला, पण गेला. नऊजणांपैकी सातांनी वकिलाची धमकी दिली आणि कुणीच वकील आणला नाही. पुढच्या सोमवारच्या आत मी नवा भाव लावला, नगांची मर्यादा बसवली, आणि दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले. वुखर, वुखर! वुखर म्हणजे नफेखोरी. भाव खरेदीच्याही खाली होता तेव्हा एकाही माणसाने फोन करून सांगितलं नव्हतं, की अहो, तुमचं काहीतरी चुकतंय.

प्रोबेत्साइटच्या शेवटच्या शुक्रवारी हेर ओल्टमान यांनी बोलावलं. टेबलावर कागद होता. मी उभीच राहिले.

"बसा. तुम्ही पुढे राहताय," ते म्हणाले. "पत्र मी पाठवलं असतं तर माझी शोभा झाली असती. मात्र एक अट आहे. आठवड्यातून दोन दिवस खाली काउंटरवर, फ्राऊ रीके यांच्याशेजारी."

"मी? विकायला?"

"भाव लावणाऱ्याने विकून बघावं."

जवळजवळ हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं, आणि तेही नागपूरहून. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग? मी काय वेगळं बोलले होते?" तिने राग धरला नाही, पण ते प्रायमर कशाला लागतात हे मात्र नीट विचारून घेतलं. क्लबातले म्हातारे कागदावर नेम धरतात, असं मी म्हणाले. शिकाऱ्यांबद्दल मी काही बोलले नाही.

काउंटरवरच्या पहिल्याच सकाळी हेर डोर्न आले. त्यांच्या क्लबाचे माजी खजिनदार, वय सत्तरच्या पुढे. फ्राऊ रीके माझ्या कानात पुटपुटल्या, "वहीप्रमाणे यांच्या घरी पुढच्या सहा वर्षांचे प्रायमर आहेत." हेर डोर्न यांनी दोन डब्या मागितल्या. मी एक देता येईल म्हणाले आणि भाव सांगितला. त्यांनी कापडी पिशवीतून उत्पादकाचा कॅटलॉग काढला, खूण केलेलं पान उघडलं आणि पट्टी धरून अधोरेखित केलेल्या यूव्हीपीच्या आकड्यावर बोट आपटलं.

"इथे छापलंय! याच्या वर तुम्ही घेऊच शकत नाही!"

मी त्या बोटाकडे बघत राहिले. नीडरझाक्सनमध्ये जन्मलेला, अख्खं आयुष्य इथेच काढलेला माणूस.

"हेर डोर्न," मी म्हणाले, "ती नुसती शिफारस आहे. बंधनकारक नाही."

"मग छापता कशाला?"

फ्राऊ रीके यांनी पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना एक डबी दिली, नव्या भावाने, आणि त्यांनी पैसे मोजताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, अगदी त्याच नजरेने बाबा त्या पाणीवाल्याकडे बघायचे.

त्यानंतर मी चार कंपन्या बदलल्या. प्राइस लिस्टमध्ये नवा रकाना दिसला की मी आधी खाली काउंटरवर जाते आणि तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारते, हा आकडा नक्की कुणाला बांधतो? दर वेळी उत्तर देणारा माणूस माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघतो. बघू दे.